हायल्युरोनिक ॲसिड फिलर: गुण किती, धोका किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलर म्हणजे चेहऱ्यावरचे खड्डे, घड्या किंवा ओठ भरायला त्वचेखाली टोचलं जाणारं जेल. त्याबद्दल विचारायला येणाऱ्यांत दोन टोकं दिसतात. एकाला वाटतं हे फेशियलसारखंच काहीतरी, जेवणाच्या सुट्टीत उरकून यावं. दुसऱ्याने मोबाईलवर कुणाचा तरी सुजलेला चेहरा पाहिलेला असतो आणि त्याच्या लेखी हे विषच. खाली दोघांचेही प्रश्न घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईने सांगण्यासारखं काही नाही.

ॲसिड म्हणजे चेहरा भाजणार नाही ना?

नाही. हायल्युरोनिक ॲसिड आपल्या शरीरात आधीपासून असतं: त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत. ७० किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, आणि त्यातलं जवळपास एक तृतीयांश रोज मोडून नवं तयार होतं. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते प्रथम गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं केलं. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणं हा त्याचा मुख्य गुण.

नैसर्गिक स्वरूपात टोचलं तर ते काही दिवसांत जिरून जाईल. म्हणून फिलर बनवताना त्याचे लांब धागे बीडीडीई नावाच्या रसायनाने एकमेकांना बांधतात आणि त्याचं जेल होतं. बांधणी किती घट्ट, त्यावर ते ओठात घालायचं की गालाच्या हाडावर हे ठरतं. एकाच कंपनीची चार-पाच वेगवेगळी जेल असतात ती यासाठी.

आईला गुडघ्यात जेलचं इंजेक्शन दिलं होतं, ते हेच का?

मूळ पदार्थ तोच, पण बनवलेलं वेगळं आणि कामही वेगळं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येही डोळ्याच्या आतले नाजूक भाग सांभाळायला हाच पदार्थ अनेक वर्षं वापरात आहे.

मग हायल्युरोनिकचं सिरम लावून काम भागणार नाही का?

सिरम वरच्या थराला ओलावा देतं. चेहरा तुकतुकीत दिसतो, बारीक कोरड्या रेषा तात्पुरत्या बुजतात. बसलेली गालफडं भरून काढणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. बाटलीवर ‘फिलर इफेक्ट’ लिहिलं असलं तरी.

हे शाकाहारी आहे का?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. पूर्वी हायल्युरोनिक ॲसिड कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत. तसं बनवलेलं हायलाफॉर्म नावाचं फिलर २००४ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं होतं. आज वापरात असलेली बहुतेक नामांकित फिलर जिवाणूंच्या किण्वनातून, म्हणजे आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार होतात. त्यामुळे त्यांत प्राण्याचा अवयव नसतो. खात्री हवी असेल तर खोक्यातलं माहितीपत्रक मागा, स्रोत त्यात दिलेला असतो.

बोटॉक्स आणि फिलर एकच ना?

नाही. बोटॉक्स स्नायूची हालचाल कमी करतं, म्हणून कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या हे त्याचं क्षेत्र. फिलर जागा भरतं. वयानुसार गालातली चरबी आणि खालचं हाड झिजतं, त्याने पडणारे खड्डे आणि घड्या हे याचं काम.

खरंच गुण येतो का?

योग्य जागी येतो, आणि चांगला येतो. चाचण्यांचा सगळ्यात जुना आणि भक्कम पुरावा आहे तो नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या घडीबद्दल. २००३ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात १३८ जणांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला रेस्टिलेन नावाचं हायल्युरोनिक फिलर, तर दुसऱ्या बाजूला त्या काळी वापरलं जाणारं गाईचं कोलॅजेन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) दिलं. कुठल्या बाजूला काय हे तपासणाऱ्याला ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी ५६.९ टक्के जणांमध्ये हायल्युरोनिकची बाजू सरस ठरली, कोलॅजेनची ९.५ टक्क्यांत. बाकीच्यांत दोन्ही सारख्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, रेस्टिलेनला मान्यता दिली. पुढे गाल, ओठ, हनुवटी, जबड्याची कड, डोळ्यांखालचा खळगा अशा एकेका जागेसाठी वेगवेगळ्या जेलला मान्यता मिळत गेली. यातल्या बऱ्याच चाचण्यांचा खर्च फिलर बनवणाऱ्या कंपन्यांनीच केलेला असतो, हे वाचताना लक्षात असू द्या. त्याने आकडे खोटे ठरत नाहीत, पण निवडलेले रुग्ण आणि टोचणारे हात दोन्ही उत्तम असतात.

आणखी एक गंमत आहे. जेल नुसतं जागा अडवून बसत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये ११ ज्येष्ठांच्या हाताच्या त्वचेत ते टोचून पाहिलं. आजूबाजूच्या पेशी ताणल्या जाऊन नवं कोलॅजेन तयार करू लागलेल्या त्यांना आढळल्या. फिलर विरघळल्यावरही थोडा फरक का उरतो, त्याचं एक कारण हे.

आता कुठे गुण येत नाही ते. वांग, डाग, रंगाचा असमानपणा: शून्य उपयोग. त्वचा खूप सैल होऊन लोंबत असेल तर भरून भरून ती ताणायचा प्रयत्न म्हणजे उशीसारखा चेहरा करून घेणं. आणि सर्वात जास्त मागणी असलेली गोष्ट, डोळ्यांखालची काळी वर्तुळं: तिथे खळगा असेल आणि त्याची सावली पडत असेल तर फिलरने फरक पडतो. पण आपल्याकडे बहुतेकांचा काळेपणा रंगद्रव्याचा असतो, घराण्यातून आलेला. तो जेलने जाणार नाही. आरशासमोर प्रकाशाकडे तोंड करून मान थोडी वर करा. काळेपणा बराच कमी झाला तर तो सावलीचा, तसाच राहिला तर रंगाचा. पक्कं निदान तज्ज्ञच करतील, पण हजारो रुपये खर्चण्याआधी एवढं तरी घरी पाहता येतं.

किती दिवस टिकतं?

ओठांची हालचाल सतत, म्हणून तिथे साधारण ६ ते १२ महिने. गालात आणि हनुवटीत १ ते २ वर्षं. डोळ्यांखाली त्याहूनही जास्त काळ राहू शकतं. एमआरआय केलेल्या काही जणांत जेल अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त काळ सापडलं आहे. म्हणून ‘सहा महिने झाले, चला, पुन्हा भरू’ असं घड्याळ लावून करण्यात अर्थ नाही. आधीचं जिरलं आहे का ते पाहूनच पुढचं घालावं. चेहरे फुगलेले दिसू लागतात ते बहुतेक याच घाईने.

एकदा सुरू केलं की सोडता येत नाही, सोडलं तर चेहरा जास्तच उतरतो, खरं का?

नाही. फिलर जिरलं की चेहरा मूळ पदावर येतो, त्यात मधल्या काळात वाढलेलं वय मिळवा. तुलना भरलेल्या चेहऱ्याशी होते म्हणून उतरल्यासारखा वाटतो. अनेक वर्षं प्रमाणाबाहेर भरत राहिलेल्यांची गोष्ट निराळी.

दुखतं का? सूज किती?

आधी भुलीचं मलम लावतात आणि बहुतेक जेलमध्येच लिडोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं. ओठ सोडले तर सोसवतं. ओठ झोंबतात, हे आधीच सांगितलेलं बरं. सूज, लाली, काळंनिळं होणं हे सगळं काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ पाहून घाबरून फोन करणारे पुष्कळ असतात. त्या दिवशीच्या आकारावरून निकाल ठरवू नका.

मग खरा धोका कोणता?

जेल रक्तवाहिनीत शिरणं. बाकी सगळ्या तक्रारी यापुढे किरकोळ आहेत.

धमनीत जेल गेलं, किंवा बाहेरून तिच्यावर फार दाब आला, की पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो. वेळेत मोकळा केला नाही तर ती त्वचा मरते आणि व्रण राहतो. त्याहून वाईट म्हणजे नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या आहेत. सुई धमनीत असताना जोराने दाबलं तर जेल उलट्या दिशेने मागे सरकतं, दाब सुटताच रक्ताबरोबर पुढे दृष्टिपटलाकडे जातं आणि त्या डोळ्याची नजर जाते. दृष्टिपटल रक्ताविना तास-दीड तासाच्या वर तग धरत नाही, बऱ्याचदा त्याआधीच हानी होते. अशी गेलेली नजर क्वचितच परत येते.

हे किती वेळा घडतं? अंधत्व अतिशय दुर्मिळ. रक्तवाहिनी बंद होण्याबद्दल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ३७० त्वचारोगतज्ज्ञांच्या उत्तरांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्व प्रकारच्या फिलरच्या १७ लाख सिरिंजांचा हिशोब होता. सुईने टोचताना दर ६,४१० सिरिंजांमागे एकदा, तर कॅन्युलाने, म्हणजे बोथट टोकाच्या बारीक नळीने, दर ४०,८८२ मागे एकदा. पाच वर्षांहून जास्त अनुभव असलेल्यांच्या हातून हे बरंच कमी घडलं होतं. आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते प्रशिक्षित तज्ज्ञांचे आहेत आणि त्यांनी स्वतःच सांगितलेले आहेत. वीकेंड कोर्स करून आलेल्याचा हिशोब त्यात नाही.

म्हणजे जेल बऱ्यापैकी सुरक्षित आहे. प्रश्न आहे तो कुठे टोचलं, कुणी टोचलं आणि बिनसलं तर पुढच्या दहा मिनिटांत त्या खोलीत काय होतं, याचा.

असं काही झालं तर ओळखायचं कसं?

टोचता टोचता त्वचा एकदम पांढरी पडली, तर डॉक्टरांनी तिथेच थांबायला हवं. नंतर जांभळट जाळीसारखी नक्षी उमटते. दुखणं वाढत जातं, पण जेलमधल्या लिडोकेनमुळे सुरुवातीला दुखणारही नाही, म्हणून ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ हा हिशोब चुकीचा. दोन-तीन दिवसांनी त्याच पट्ट्यात पू भरलेल्या बारीक पुटकुळ्या येतात आणि मग लोक त्याला तारुण्यपिटिका किंवा नागीण समजून मलम लावत बसतात.

एक तपासणी घरीही करता येते. शंका असलेल्या जागेवर बोटाने काही सेकंद दाबा आणि सोडा. बोटाचा पांढरा ठसा दोन-तीन सेकंदांत भरून गुलाबी व्हायला हवा. दुसऱ्या गालावर तेच करून ताडून पहा. एका बाजूचा ठसा पांढराच राहत असेल किंवा रेंगाळत भरत असेल, तर खिडकीपाशी उभं राहून फोटो काढा, डॉक्टरांना पाठवा आणि उत्तराची वाट न पाहता निघा. सावळ्या गालावर हा ठसा नीट दिसत नाही, तिथे ओठाच्या आतल्या बाजूला दाबून पाहणं सोपं जातं. बर्फ लावू नका, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

अंधुक दिसणं, डोळ्यात अचानक कळ, पापणी पडणं: यातलं काहीही खुर्चीत असतानाच झालं तर लगेच ओरडून सांगा.

बिघडलं तर विरघळवता येतं म्हणतात, ते काय?

हायल्युरोनिडेज नावाचं विकर (एन्झाइम). हायल्युरोनिक ॲसिड फिलरला बाकी फिलरांपेक्षा वरचं स्थान आहे ते मुख्यतः याच्यामुळे. टोचलं की जेल एक-दोन दिवसांत विरघळतं. त्यासोबत शरीराचं स्वतःचं थोडं हायल्युरोनिकही जातं, पण ते पुन्हा तयार होतं. डोळ्यांचे डॉक्टर भूल देताना हे औषध वर्षानुवर्षं वापरत आले आहेत, म्हणजे ते दुर्मिळ नाही. तरीही फिलर देणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतंच असं नाही, आणि ही गोष्ट मला फार खटकते. ज्याच्या फ्रिजमध्ये हायल्युरोनिडेज नाही त्याने फिलर उघडू नये, आणि तुम्हीही त्याच्या खुर्चीत बसू नये.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी जोराची ॲलर्जी आली असेल तर आधीच सांगा. त्यांच्या विषात याच जातीचं विकर असतं. आकार आवडला नाही म्हणून विरघळवायचं असेल तर आधी चाचणी करता येते. रक्तवाहिनी बंद झाली असेल तर चाचणीसाठी थांबत नाहीत, भरपूर मात्रा पुन्हा पुन्हा देतात.

सिलिकॉन किंवा इतर कायमस्वरूपी फिलरवर याचा काही परिणाम होत नाही. ‘एकदाच खर्च, आयुष्यभर टिकेल’ हे वाक्य चेहऱ्याच्या बाबतीत ऐकलंत तर सरळ उठून या.

ऑपरेशनशिवाय नाक सरळ करून मिळेल म्हणाले. करू का?

माझं मत: टाळा. नाक ही अंधत्वाच्या दृष्टीने सर्वात धोक्याच्या जागांपैकी एक आहे, आणि अमेरिकेच्या एफडीएने कुठल्याही हायल्युरोनिक फिलरला नाकासाठी मान्यता दिलेली नाही. आधी नाकाचं ऑपरेशन झालेलं असेल तर तिथला रक्तपुरवठा बदललेला असतो, तेव्हा तर नकोच. काही निष्णात डॉक्टर हे काम वर्षानुवर्षं नीट करतात हेही खरं आहे.

कुणी घेऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, कारण त्यांच्यावर अभ्यासच झालेले नाहीत. त्या जागी पुरळ, जंतुसंसर्ग किंवा ओठांवर नागीण असेल तर ती बरी होईपर्यंत. लिडोकेनची ॲलर्जी, पूर्वी ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी), रक्तस्रावाचा विकार, संधिवातासारखे स्वयंप्रतिकार रोग: हे सगळं आधी सांगा, मग डॉक्टर ठरवतील. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी काळंनिळं होऊ नये म्हणून ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये. गालावरचा डाग आठवड्यात जाईल, हृदयाचं काय?

अमेरिकेत ओठांच्या फिलरची मान्यता २१ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. बारावीच्या सुट्टीत मुलीला ओठ भरून आणायला येणाऱ्या आयांसाठी एवढं पुरे.

सहा महिन्यांनी गाठ आली. आता काय?

उशिरा येणाऱ्या गाठी कमी जणांत होतात, पण होतात. कधी जंतुसंसर्ग, कधी जेलविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया. सर्दी-ताप किंवा लसीनंतर जुन्या फिलरची जागा सुजल्याचीही उदाहरणं आहेत. २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लसीच्या चाचणीत अशा तीन नोंदी झाल्या होत्या. बहुतेकदा औषधाने उतरतं. गाठ चोळू-दाबू नका, दाखवा. डोळ्यांखाली निळसर झाक दिसत असेल तर जेल फार वर बसलं आहे, तेही विरघळवता येतं.

सावळ्या रंगाला काही वेगळी काळजी?

हो. जिथे जिथे टोचतो तिथे डाग राहण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त. म्हणून कमी छिद्रांतून काम करणारा हात हवा आणि नंतर सनस्क्रीन कटाक्षाने. त्वचा पांढरी पडल्याचं आपल्या रंगात पटकन लक्षात येत नाही, म्हणून वरची दाबून पाहण्याची तपासणी जास्तच महत्त्वाची.

डिसेंबरात लग्न आहे. कधी घ्यावं?

दीड-दोन महिने आधी. सूज उतरायला, कमी-जास्त दुरुस्त करायला तेवढा वेळ हवाच. हळदीच्या आठवड्यात तर मुळीच नको: ताजी छिद्रं आणि त्यावर दहा काकू-मावश्यांचे हात. पहिले दोन आठवडे फेशियल, मसाज, वाफ, दातांची साफसफाई किंवा रूट कॅनल पुढे ढकला. दातांच्या कामात जंतू रक्तात उतरतात आणि नव्या जेलपाशी ठाण मांडू शकतात.

पार्लरमध्ये सुईशिवाय पेनने करून देतात, तेही स्वस्तात. चालेल का?

नाही. ‘हायल्युरॉन पेन’ दाबाने जेल आत मारतं. किती खोल, कुठे, काही ताबा नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात एफडीएने या पेनविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. ऑनलाइन मागवून स्वतः टोचणाऱ्यांना काय सांगावं, कळत नाही.

मग जायचं कुणाकडे, आणि विचारायचं काय?

त्वचारोगतज्ज्ञ (एमडी, डीएनबी, डीडीव्ही, डीव्हीडी) किंवा प्लास्टिक सर्जन. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढंच पाटीवर असेल तर खाली पदवी काय आहे ते वाचा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. विचारताना संकोच नको: हायल्युरोनिडेज आत्ता इथे आहे का? रात्री काही झालं तर फोन कोण उचलतं? डोळ्याचं जवळचं रुग्णालय कुठलं?

आणि खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा. सीलबंद पाकिटातून भरलेली सिरिंज निघते, सोबत बॅच क्रमांकाचे छोटे स्टिकर असतात. एक तुमच्या केसपेपरवर लागतं, दुसरं मागून घ्या. खोक्यावर मुदत आणि आयात केलेल्या मालावर परवाना क्रमांक असतो, तो पहा. अर्धी उरलेली सिरिंज ‘पुढच्या वेळी टचअपला ठेवू’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारे आहेत. स्वतःचीच असली तरी नाही म्हणा. दुसऱ्याच्या सिरिंजमधून ‘अर्धा एमएल अर्ध्या किमतीत’ देऊ करत असतील, तर तो स्वस्ताईचा नाही, रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा विषय आहे.

खर्च किती? मेडिक्लेम मिळेल?

ब्रँड आणि शहराप्रमाणे एका मिलिलिटरला साधारण १५ ते ४० हजार रुपये. ओठांना बहुधा एक पुरते, गालांना दोन किंवा जास्त लागतात. एकाच बैठकीत सगळं भरण्यापेक्षा थोडं घालून दोन-चार आठवड्यांनी पाहणं चेहऱ्यालाही बरं आणि खिशालाही. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराला मेडिक्लेम मिळत नाही, उलट आरोग्यसेवेची जीएसटी सूट लागू नसल्याने वर कर पडतो. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणाले तर नको म्हणा. बिल नसेल तर कुठलं जेल, कुठल्या बॅचचं, किती घातलं याचा कागदच उरत नाही, आणि सहा महिन्यांनी गाठ घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात की तो पहिला प्रश्न नेमका तोच विचारतो.